मिनिटाला पंधरा थेंब

आमच्या बोटीचे बिल्ज, म्हणजे तळाशी पाणी साचण्याची जागा, कोरडे असते, याचा मला थोडा गर्व होता. १९८४ साली बांधलेली, ३१ फुटी, फायबरची शिडाची बोट आणि तिच्या तळाशी पाण्याऐवजी धूळ साचते, हे मी धक्क्यावरच्या इतर बोटवाल्यांना संधी मिळेल तेव्हा ऐकवत असे. जूनमधल्या एका शनिवारी अमेरिकेतल्या ॲनापोलिसच्या बॅक क्रीक या खाडीत बोटीवर गेलो, सवयीने पुढच्या केबिनमधली फळी उचलली आणि खाली बोटे बुडतील एवढे पाणी दिसले.

पाणी दिसले की ते कुठले हे आधी ठरवावे लागते. बोटीत पिण्याच्या पाण्याची टाकी असते, डोलकाठीच्या आतून पावसाचे पाणी उतरते, बर्फाची पेटी पाझरते, आणि यांतले काहीही असले तर बोट बुडत नाही. मी हाताचे बोट बुडवून चाखले. पाणी मचूळ होते. चेसापीक उपसागराच्या या भागात नद्यांचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी मिसळते, त्यामुळे त्याची चव आमच्या रेवदंड्याच्या समुद्रासारखी झोंबत नाही. पण टाकीतल्या पाण्याची म्हणून ती कोणी खपवून घेणार नाही. पाणी बाहेरचे होते, म्हणजे तळाला कुठेतरी वाट होती.

सगळे पाणी स्पंजने टिपून काढले, फडक्याने तळ कोरडा केला आणि विजेरी घेऊन पालथा पडून राहिलो. त्या भागात तळाला एकच भोक आहे आणि त्यात खोली मोजणारा सेन्सर बसवलेला आहे. हा सेन्सर म्हणजे प्लास्टिकच्या जाड दांड्याचा एक मोठा बोल्टच समजा. त्याची चपटी टोपी बोटीच्या बाहेर, पाण्यात असते. आटे असलेला दांडा तळातून आरपार आत येतो आणि आतून त्यावर नट आवळलेला असतो. दांड्याच्या टोकातून वायर निघते ती कॉकपिटमधल्या पडद्यापर्यंत जाते. टोपीतली चकती आवाजाचा एक बारीक ठोका खाली सोडते, तो पाण्याच्या तळाला आपटून परत येतो, आणि मधल्या वेळावरून खोली निघते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, त्यामुळे तीन मीटर खोलीची जाऊन-येऊन फेरी चार हजारांश सेकंदांत संपते.

मी नटाभोवती टिशू पेपरची एक कडी करून ठेवली. पाच मिनिटांत ती एका बाजूने ओली झाली. मग नटाच्या खालच्या कडेवर एक थेंब फुगताना दिसला, फुगून ओघळला आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहिला. घड्याळ लावून मोजले तेव्हा मिनिटाला पंधरा थेंब भरले. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला एक लिटरच्या आसपास. एक लिटर पाण्याने कोणतीही बोट बुडत नाही, आणि नेमक्या याच विचाराने माणूस ते काम पुढच्या महिन्यावर ढकलतो.

मीही ढकलणार होतो. त्याआधी मात्र मी एक चूक केली. नट सैल झाला असेल अशा समजुतीने पाना लावून तो पाव फेरा आवळला, आणि थेंबांची धार झाली. बारीक, सुईएवढी, पण धारच. घाईघाईने नट पुन्हा मागे फिरवला तेव्हा ती थेंबांवर आली. त्या क्षणी मानेवर घाम आला होता हे कबूल करायला हरकत नाही. भिंगातून पाहिल्यावर कारण सापडले: दांड्याच्या प्लास्टिकला, नटाच्या वरच्या कडेशी, केसासारखी उभी चीर गेली होती. नटाच्या सहाही कडांवर पाइप पान्याच्या दातांचे जुने व्रण होते. माझ्या आधी कधीतरी कोणीतरी हाच थेंब पाहिला होता आणि तो जोराने आवळून थांबवला होता. प्लास्टिकने तो ताण काही वर्षे सोसला आणि मग ते तडकले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण मलाही ती पुरती उमगलेली नव्हती. तळातून आरपार गेलेल्या वस्तूच्या बाबतीत पाणी नट अडवत नाही. पाणी अडवते ते बाहेरच्या टोपीखाली आणि दांड्याभोवती भरलेले सीलंट. नटाचे काम एवढेच, की सीलंट घट्ट होईपर्यंत टोपी जागेवर धरून ठेवायची आणि पुढे ती हलू द्यायची नाही. सीलंटने एकदा फायबर सोडले की नट कितीही आवळा, पाण्याची वाट बंद होत नाही, ती फक्त दुसरीकडे वळते. म्हणूनच आतून पुट्टी थापणे हाही उपाय नव्हे. बाहेरचे पाणी त्या पुट्टीला सतत आत ढकलत असते, आणि पुट्टीमागे चीर वाढत असेल तर ती दिसणेही बंद होते.

चीर वाढून दांडा तुटला असता तर काय झाले असते, याचा हिशेब मी त्याच संध्याकाळी मांडला. भोक ४४ मिलिमीटरचे, पाण्याच्या पातळीखाली सुमारे दीड फूट. एवढ्या दाबाखाली उघड्या भोकातून मिनिटाला दीडशे लिटरांहून अधिक पाणी आत येते. आमच्या बिल्ज पंपावर ताशी ११०० गॅलन असा आकडा छापलेला आहे, म्हणजे मिनिटाला साधारण ७० लिटर, आणि तोही आकडा पाणी वर चढवायचे नसताना व बॅटरी भरलेली असतानाचा. सोमवार ते शुक्रवार बोटीवर कोणी नसते. बाकीच्या भोकांना निदान सी-कॉक असतात, पाणी शिरले तर दांडी फिरवून बंद करता येते. या सेन्सरला तसे काही नसते. दांडा तुटलाच तर भोकात ठोकायला मऊ लाकडाची एक निमुळती गुडदी मी त्याच दिवशी सेन्सरशेजारी दोरीने बांधून ठेवली, हातोडीही जवळ ठेवली, आणि सोमवारी सकाळी बोटदुरुस्तीच्या यार्डला फोन केला.

सेन्सर काढून भोक कायमचे बुजवून टाकावे, असा सल्ला धक्क्यावरच्या एका शेजाऱ्याने दिला. तळाच्या आतल्या बाजूला चिकटवून फायबरमधून ठोके पाठवणारेही सेन्सर मिळतात, भोकच नको. भरीव फायबरच्या तळाला ते चालतात आणि सल्ला अजिबात चुकीचा नव्हता. पण फायबरमधून जाता-येता आवाजाची ताकद कमी होते, आणि चेसापीकच्या तळाशी बहुतेक ठिकाणी मऊ गाळ आहे, ज्यावरून परतणारा ठोका मुळातच क्षीण असतो. शिवाय मला पाण्यातला वेग मोजणारे चाकही हवे होते, आणि ते पाण्यात असल्याशिवाय फिरणार नाही.

या उपसागरात खोलीचा आकडा ही चैनीची गोष्ट नाही. सस्क्वेहाना नदीचे खोरे समुद्राच्या पाण्याखाली जाऊन हा उपसागर झाला आणि त्याची सरासरी खोली सुमारे २१ फूटच आहे. केंट बेटाच्या दक्षिण टोकाजवळ, ब्लडी पॉइंटपाशी, १७४ फुटांची एक खोल घळ आहे; आणि उपसागरात इतरत्र मैलोन्‌मैल असे पाणी आहे की उंच माणूस चालत जाईल. आमच्या बोटीला तरंगायला सव्वापाच फूट पाणी लागते. लहानपणी रेवदंड्याला शेजारचे नाखवा कुंडलिका नदीच्या मुखाशी शिसे बांधलेली दोरी टाकून ‘दोन वाव, दीड वाव’ असे ओरडून सांगत, तेव्हा मला तो खेळ वाटे. तिकडे ओहोटीला रेतीत बसलेली होडी भरतीला आपोआप उठते. ॲनापोलिसला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर असतो, तेव्हा इथे रुतलेल्याला भरतीने उचलून घ्यावे ही आशा फारशी करता येत नाही.

त्याच कारणाने बोट किनाऱ्यावर कोरडी करून हे काम उरकण्याचा मार्गही इथे नाही. ती क्रेनने उचलावीच लागते. यार्डाने दोन पर्याय दिले: जेवणाच्या सुट्टीत तासभर पट्ट्यांवर टांगून ठेवायची, किंवा आठवडाभर जमिनीवर टेकूंवर उभी करायची. पहिला पर्याय फार स्वस्त होता. पण तासाभरात सीलंट वाळत नाही, आणि टांगलेल्या बोटीखाली उभे राहून घाईत केलेल्या कामाची फळे मी नुकतीच चाखली होती, तीही मचूळ. मी आठवडा घेतला.

नवा सेन्सर एअरमारचा डीएसटी८१० घेतला. खोली, वेग आणि पाण्याचे तापमान असे तिन्ही तो मोजतो, आणि मुख्य म्हणजे त्याचे दोन भाग असतात: तळात कायमचा बसणारा नळीसारखा कप्पा आणि त्यात आतून सरकवायचा सेन्सर. चाकात शेवाळ अडकले किंवा सेन्सर बिघडला तर बोट पाण्यात असतानाच तो उपसून त्या जागी बंद बूच घालता येते. कप्पा प्लास्टिकचा घ्यायचा की कांस्याचा, यावर मी फार वेळ घालवला नाही. फायबरच्या तळाला दोन्ही चालतात. लाकडी तळाला मात्र प्लास्टिक वापरू नये, कारण लाकूड पाण्यात फुगते आणि फुगताना प्लास्टिक फोडते. तडकलेले प्लास्टिक नुकतेच पाहिले होते, त्यामुळे मी कांस्याचा घेतला. यात तर्कापेक्षा धसका अधिक होता.

जुना सेन्सर काढायला माझ्या अंदाजाने अर्धा तास लागायला हवा होता. एक पूर्ण दिवस गेला. नट ऑसिलेटिंग टूलने, म्हणजे थरथरत्या पात्याच्या यंत्राने, दोन ठिकाणी उभा कापला, छिन्नीने उकलला, तो सहज निघाला. दांडा मात्र तसूभर हलेना. आधीच्या माणसाने तो कायमस्वरूपी चिकटणाऱ्या पॉलियुरेथेनने बसवला होता, ज्याला सीलंटपेक्षा गोंद म्हणणे योग्य ठरेल. गंमत अशी की एवढा घट्ट चिकटणारा गोंदही टोपीच्या एका बाजूला फायबरपासून सुटला होता, कारण तिथे त्याने जुना रंग न खरवडताच तो लावला होता. गोंद रंगाला घट्ट धरून होता आणि रंग फायबरला धरून नव्हता. पाणी त्या बाजूने टोपीखाली शिरत होते, दांड्याभोवती अर्धा फेरा मारत होते आणि चिरेतून वर येत होते. मला थेंब दिसत होता तो उजव्या बाजूला. पाणी शिरत होते डाव्या.

हीट गनने टोपी बेताने तापवली, कडेने पातळ पट्टीची सुरी फिरवली, पुन्हा तापवली. फायबर हाताला सोसवणार नाही इतके तापले की थांबायचे, एवढा नियम पाळला. चार वाजता आतून लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचा घाव घातला आणि सेन्सर खाली चिखलात पडला. भोकातून उजेडाची एक गोल चकती केबिनमध्ये आली. आपल्या बोटीच्या तळातून जमीन दिसणे हा अनुभव कोणाला सांगून कळणार नाही.

नव्या कप्प्याला ५१ मिलिमीटरचे भोक लागते आणि जुने ४४चे होते. असलेले भोक मोठे करताना अडचण अशी, की होल सॉच्या, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीच्या, मधल्या ड्रिलला टेकायला काही उरलेले नसते. मशीन चालू केले की सॉ तळावर नाचतो. यार्डातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने त्यावर तोड सांगितली. एकाच दांडीवर दोन होल सॉ बसवायचे, मोठ्याच्या आत लहान, लहानाचे तोंड जरा पुढे. लहान सॉ जुन्या भोकात जाऊन बसतो आणि मोठ्याला मध्यावर धरून ठेवतो. बाहेरून कापायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत एक फायबरची पातळ बांगडी हातात आली. तिच्या कडेवर तळाची जाडी स्वच्छ दिसत होती: १४ मिलिमीटर, भरीव, मध्ये बाल्साच्या लाकडाचा थर नाही. तो थर निघाला असता तर भोकाच्या कडेने लाकूड कोरून तिथे इपॉक्सी भरावे लागले असते, नाहीतर पाणी त्या लाकडातून तळभर पसरते. ती बांगडी माझी मुलगी घेऊन गेली.

पुढचे दोन दिवस जे केले ते बघणाऱ्याला कंटाळवाणे वाटावे असे आहे, आणि कामाचा जीव त्यातच आहे. भोकाभोवतीचा रंग वितभर घेरात फायबरपर्यंत खरवडला. आतली बाजू खडबडीत होती, नट तिथे सपाट बसला नसता. ती घासून तिथे सहा मिलिमीटर जाडीची फायबरग्लासची चकती इपॉक्सीने चिकटवली, म्हणजे नटाचा भार पसरतो. भोकाच्या कापलेल्या कडेला इपॉक्सीचे दोन हात दिले, कारण उघड्या पडलेल्या तंतूंमधून फायबर पाणी पिते. मग सीलंट न लावता कप्पा बसवून पाहिला, नट हाताने फिरवून पाहिला, पेन्सिलने खुणा केल्या आणि सगळे पुन्हा काढले.

सीलंट लावण्याच्या कामाला दोन माणसे लागतात, एक बाहेर आणि एक आत. बाहेर माझी चौदा वर्षांची मुलगी होती. मी या वेळी पॉलिसल्फाइडचे सीलंट घेतले. ते चांगले चिकटते, वर्षानुवर्षे लवचिक राहते आणि पुढच्या मालकाला ते काढण्यासाठी मला शिव्या द्याव्या लागणार नाहीत. टोपीखाली दोन मिलिमीटर जाडीचा थर, दांड्यावर नटाच्याही वर येईल इतका, आणि भोकाच्या कडेलाही बोटाने फासलेला. कप्पा तिने खालून वर ढकलला आणि धरून ठेवला. त्याच्या कडेवर एक बाण कोरलेला असतो आणि तो बोटीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, रोखलेला असावा लागतो, नाहीतर वेगाचे चाक तिरके फिरते.

“बाबा, बाण पुढे आहे, पण मी उलटी झोपले आहे. माझं पुढे की बोटीचं?”

“बोटीचं.”

“मग थांबा.”

अर्धा फेरा फिरल्याचा गिळगिळीत आवाज आला. हा प्रश्न तिने विचारला नसता तर मी तो विचारला नसता, हे इथे नोंदवतो. मग मी आतून नट हाताने आवळला, पान्याने बेताचा अर्धा फेरा दिला, आणि टोपीच्या सगळ्या कडेने सीलंटची सलग कडी बाहेर आली असे तिने सांगितल्यावर पाना खाली ठेवला. आणखी आवळण्यासाठी हात शिवशिवत होते. पण जास्त आवळले की सीलंट सगळेच बाहेर पिळले जाते आणि मध्ये काहीच उरत नाही.

सीलंट वाळेपर्यंतच्या दिवसांत वायरचे काम केले. त्याबद्दल फार लिहीत नाही. नवा सेन्सर एनएमईए २००० ही बोटींवरच्या उपकरणांची भाषा बोलतो आणि जुना पडदा ती जाणत नाही, म्हणून पडदा नवा; पडदा नवा म्हणून त्याची मुख्य वायर, जोड आणि दोन टोकांचे टर्मिनेटर नवे; अशी ती मारुतीची शेपटी वाढत गेली. सांगण्यासारखे एवढेच, की जुनी वायर ओढून काढण्यापूर्वी तिच्या टोकाला दोरी बांधा. मी बांधली होती, आणि ती डोलकाठीच्या पायाशी सुटली.

पाण्यात उतरण्यापूर्वी टोपीवर पातळसा अँटिफाउलिंग रंग द्यावा लागतो, नाहीतर महिन्याभरात तिथे शंखशिंपले घर करतात. हा रंग पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) प्रकारचाच हवा. कीटोन असलेला रंग सेन्सरचा प्लास्टिकचा दर्शनी भाग खाऊन टाकतो. त्याच कारणाने सेन्सर ॲसिटोनने पुसायचा नाही. बोट परत उचलताना क्रेनचे पट्टे नेमके सेन्सरवर येऊ नयेत म्हणून मी बाहेरून त्या जागी दोन्ही बाजूंना टेपचे पट्टे लावून ठेवले होते.

बोट पाण्याला टेकली तेव्हा मी आत पालथा पडलेलो होतो. पट्टे सोडण्यापूर्वी दहा मिनिटे थांबण्याची विनंती केली होती आणि क्रेनवाल्याने ती हसून मान्य केली. नटाभोवती टिशूची कडी ठेवली. कोरडी. पट्टे सुटले, आम्ही धक्क्यावर आलो, तीन तासांनी पाहिले. कोरडी. त्या रात्री मी बोटीवरच झोपलो आणि दोनदा उठलो.

दुसऱ्या दिवशी आकडा जुळवायचा होता. सेन्सर स्वतःपासून तळापर्यंतचे अंतर सांगतो आणि तो स्वतः पाण्याखाली दीड फूट आहे. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला गवंड्याचा ओळंबा दोरीला बांधून बाजूने सोडला: ८.७ फूट. पडद्यावर ७.२. पडद्यात दीड फूट मिळवण्याची सोय असते, ती केली. बरेच जण त्याऐवजी कीलखाली, म्हणजे बोटीच्या सर्वांत खालच्या भागाखाली, किती पाणी उरले ते दाखवायला लावतात, म्हणजे सेन्सरच्या आकड्यातून आमच्या बोटीला पावणेचार फूट वजा करतात. शून्य झाले की रुतलो, असा तो सोपा हिशेब. मला मात्र नकाशावरच्या खोलीशी पडद्यावरचा आकडा ताडून पाहता यावा असे वाटते, म्हणून मी पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली ठेवली. सव्वापाचचा आकडा पडद्याशेजारी रंगाने लिहून ठेवला आहे.

राहिली होती ती एक तालीम. सेन्सर कधीतरी पाण्यात असतानाच उपसायचा आहे, तर तो पहिल्यांदा धक्क्याला बांधलेल्या बोटीवरच उपसावा. बूच एका हातात, दुसऱ्या हाताने सेन्सरची कडी सोडली आणि ओढला. कप्प्याच्या आत एक झडप असते, ती लगेच पडते आणि बहुतेक पाणी अडवते. बहुतेक, सगळे नव्हे. हातभर कारंजे उडाले, माझा चष्मा भिजला, मी बूच तिरके टेकवले, ते बसेना, मग सरळ करून दाबले. बुचाच्या ओ-रिंगांना, म्हणजे रबरी कड्यांना, सिलिकॉन ग्रीस लावलेले होते म्हणून ते सरकले. मुलीने फोनवर वेळ मोजली होती: अकरा सेकंद. बिल्जमधून अर्धी बादली पाणी काढले.

“आता मी,” ती म्हणाली.

तिला सहा सेकंद लागले. सेन्सर परत बसवून तळ पुसला, टिशूची नवी कडी ठेवली आणि ती कोरडी आहे हे रोजनिशीत तारखेसह तिनेच लिहिले.